चाळीस टाचण्या

खडू हातातून निसटला, तो उचलायला वाकलो, आणि वर येताना श्वास घेतला तसं उजव्या कुशीत टोचलं. दुखलं नाही, टोचलं. दुखणं मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं टेबलावर वाकून कोटांना अस्तर लावणाऱ्या माणसाची पाठ दुखते, मान दुखते, डोळे चुरचुरतात, आणि त्याचं त्याला पुढे काही वाटेनासं होतं. हे वेगळं होतं. बारीक, टोकदार, एकाच जागी. श्वास सोडला की गेलं, घेतला की पुन्हा हजर. समोर राखाडी कोट पालथा पडला होता, अस्तर अर्धं टाचून झालेलं, आणि माझ्या ओठांत पाच टाचण्या होत्या. त्या एकेक करून मी बाहेर काढल्या. पाचवी काढली आणि त्या क्षणी मला समजलं की हे काय आहे. अकरा दिवसांपूर्वी हरवलेली टाचणी कुठे गेली, ते मला कळलं होतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, मास्तरांचं डोकं फिरलं. दुकानाच्या मागच्या लांबट खोलीत आम्ही सहा जण काम करतो. प्रत्येकाचा पत्र्याचा एक डबा, डब्यात चाळीस टाचण्या. संध्याकाळी यंत्रं बंद झाली की जो तो आपला डबा टेबलावर रिकामा करतो, मोजतो आणि मोठ्याने आकडा सांगतो. चाळीस. चाळीस. चाळीस. सहा वेळा चाळीस झालं की दिवा बंद. हा नियम माझाच. फार वर्षांपूर्वी माझ्या हातून एका कोटाच्या पाठीत, अस्तराखाली, एक टाचणी राहून गेली होती. तो कोट घालून गिऱ्हाईक आपल्या आईला स्मशानात पोचवायला गेलं. दर वेळी वाकलं की टोचायचं, आणि त्या दिवशी माणसाला किती वेळा वाकावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, ओरडला नाही, नुसती टाचणी काउंटरवर ठेवून गेला. तेव्हापासून आमच्याकडे मोजल्याशिवाय कोणी घरी जात नाही. आणखी एक नियम होता, टाचणी तोंडात धरायची नाही. तोही माझाच, आणि तो मी सोडून सगळे पाळायचे. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते माझे मामा टाचण्या ओठांत धरूनच बोलायचे, रागवायचे, हसायचेसुद्धा. ती सवय माझ्यात उतरली, मास्तर म्हटल्यावर मला कोण बोलणार.

तर अकरा दिवसांपूर्वी, सोमवारी, जेवणाच्या सुटीत मी पलीकडच्या रस्त्यावरच्या सभागृहात जाऊन साथीची लस घेऊन आलो. परत येऊन कामाला बसलो. दुपारी एक लठ्ठ गिऱ्हाईक कोट घालून बघायला आलं, आरशात बघत म्हणालं, "मास्तर, कोट छान झालाय हो, आता मला थोडा आटवा." मी तोंडात टाचण्या असताना खो खो हसलो. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी मोजल्या तर एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस. बाकीच्यांचे आकडे सांगून झाले होते आणि पाच तोंडं माझ्याकडे वळली होती. मी म्हणालो, "चाळीस." मग सगळे गेल्यावर नव्या पाकिटातली एक टाचणी काढून डब्यात टाकली.

का? तर काजवाल्या बाईंमुळे. बाई आमच्याकडे काज-बटणांचं काम करतात, माझ्याच वयाच्या, हात असा की काज बघून वाटावं कापडाला तो जन्मतःच होता. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यांचे एकोणचाळीस आले. मी म्हणालो, "परत मोजा, बाई." त्यांनी मोजल्या. "परत मोजा." चार वेळा मोजायला लावलं, सगळ्यांसमोर. मग दिवसभरात त्यांचा हात लागलेल्या दोन तयार कोटांची अस्तरं मी उसवायला लावली. काही निघालं नाही. सकाळी झाडताना केरात टाचणी मिळाली, ती मी बाईंच्या डब्यात टाकली आणि वर म्हणालो, "बघा, सापडते." तेव्हापासून बाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्या बाईंसमोर मी कुठल्या तोंडाने एकोणचाळीस म्हणणार होतो? आणि त्याच तोंडातून ती टाचणी आत गेलेली.

कुशीत टोचलं त्या दिवसापासून मी अर्धाच श्वास घ्यायला लागलो. वर वर घ्यायचा, टोचायच्या अलीकडे थांबायचं. असं जगता येतं, पण दुसरं काही करता येत नाही. जिना चढताना प्रत्येक पायरीवर हिशेब, बस पकडायला पळायचं नाही, शिंक आली तर नाक दाबून धरायचं. जांभई तर चोरासारखी येते, अर्ध्यावर आली की टोच. माझ्या डोळ्यांसमोर ती सारखी दिसायची: पोलादी, बारीक, काचेच्या पिवळ्या डोक्याची, फुप्फुसाच्या ओल्या अंधारात तिरकी होऊन बसलेली. मी श्वास घेतला की तिचं टोक आणखी केसभर आत सरकतंय. अकरा दिवस ती कुठे होती? मी स्वतःला समजावलं, फिरत होती. फिरत फिरत कुशीशी आली. आंघोळीला गेलो की मी आरशात बरगड्या बघायचो, कुठून तरी टोक बाहेर आलेलं दिसेल म्हणून. पुढे बारीक ताप यायला लागला. मी घाबरलो होतो. हे असं सरळ लिहायला मला आज लाज वाटत नाही, तेव्हा वाटत होती.

बायकोच्या नजरेतून काही सुटत नाही. चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली श्वास असा चोरून का घेता? फुकट आहे तो."

"पाठ धरलीय."

"पाठ धरली की माणूस पाठीला हात लावतो. तुमचा हात कुशीत आहे." मग जरा थांबून, "मामांसारखं करू नका हं. अंगावर काढू नका."

तिने मामांचं नाव काढायला नको होतं. मामांचंही कुशीतूनच सुरू झालं होतं. छातीत पाणी झालं म्हणाले, काढलं, पुन्हा झालं, पुन्हा काढलं. शेवटच्या महिन्यात मी त्यांच्या उशाशी बसायचो तेव्हा ते हवेत बोटं हलवायचे, अंगठा आणि तर्जनी जुळवून, वर-खाली, वर-खाली. नर्सला वाटायचं वाताचे झटके. मला दिसायचं की ते कच्चे टाके घालतायत. मध्येच शुद्धीवर आले की मला शिकवायचे, तेच जे सुरुवातीला शिकवलं होतं: अस्तर नेहमी कोटापेक्षा जरा सैल कापायचं, पाठीत एक चूण ठेवायची, अंगाला अस्तर आहे हे कळताच कामा नये. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी समज, शिंप्याचं चुकलं. बोलता बोलता त्यांचा श्वास संपायचा, आणि ते पुढच्या श्वासाची वाट बघत माझ्याकडे बघत राहायचे. ती नजर मी विसरलो होतो असं मला वाटत होतं.

छातीची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची निघाली. बायकोला मी मुद्दाम बाहेर बसवलं, टाचणीचं तिच्या कानावर जायला नको म्हणून. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर बोटांनी वाजवून पाहिलं. डावीकडे पोकळ आवाज आला, उजवीकडे खाली बद्द, भरल्या पिंपासारखा. तो आवाज मीही ऐकला. मग त्यांनी कागद पुढे ओढला. "काका, गेल्या महिन्याभरात काही वेगळं झालं? प्रवास, मार लागणं, नवीन औषध, इंजेक्शन, जेवताना ठसका?"

ठसका. त्या एका शब्दापुढे आधीचे शब्द मला ऐकूच आले नाहीत. हिला कळलं, असं वाटलं. आता ही विचारणार, कसला ठसका, तोंडात काय होतं, आणि मग दुकानात कळणार, बाईंना कळणार. "काही नाही," मी म्हणालो. "काहीसुद्धा नाही." त्यांनी कागदावर लिहिलं आणि तो विषय तिथेच मिटला. माणूस एका गोष्टीवर झाकण घालायला जातो आणि शेजारच्या चार गोष्टीही झाकल्या जातात.

एक्स-रे काढला. त्या काळ्या फोटोत माझ्या उजव्या बाजूला खाली पांढरं होतं, कोणीतरी खडू आडवा धरून रंगवल्यासारखं. पाणी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ते पाणी वाटलं नाही, पडदा वाटला, तिला लपवणारा. दोन दिवसांनी पाठीत सुई घालून ते काढलं. मी टेबलावर ओणवा, हातांची घडी, त्यावर कपाळ. शिंप्याचीच बैठक ती. नळीतून बाटलीत कोऱ्या चहासारखं काही तरी येत होतं, आणि मी मान वाकडी करून बाटलीच्या तळाशी बघत होतो. मदतनीस म्हणाला, "काका, हलू नका. काय शोधताय?" मी म्हणालो, "काही नाही." बाटली भरत आली, तळाशी काही चमकलं नाही.

पाण्यात क्षयाचं काही निघालं नाही. वाईट पेशी निघाल्या नाहीत. आणि आठवड्याने पाणी पुन्हा भरलं. मग त्या मोठ्या गोल यंत्रात घालून छातीचे काप काढल्यासारखे फोटो घेतले. डॉक्टरीणबाई ते बघत होत्या, तेव्हा मी धीर करून, विषय आडून आणून विचारलं, "यात समजा धातूचं वगैरे काही असलं, बारीक, तर दिसतं का?"

"धातू? लखकन चमकेल. का हो?"

"सहज."

"तसलं काही नाहीये," त्या म्हणाल्या. "पण काका, फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं. दुपदरी. एक पदर फुप्फुसाला, एक छातीला, आणि श्वास घेतला की ते एकमेकांवरून सुळकन सरकतात. तुमचं ते जाड झालंय, सुजलंय. कशाने, ते पाण्यावरून कळत नाही. आवरणाचाच तुकडा काढून बघावा लागेल."

दुपदरी. सुळकन सरकणारं. त्या आवरण म्हणत होत्या, मला अस्तर ऐकू येत होतं. आत टाचणी नव्हती. मला वाटलं होतं की टाचणी नाही असं कळलं तर मी सुटेन. पण जिन्यावरून उतरताना मी कठडा धरून पायरीवरच बसलो, कारण टाचणी नाही म्हणजे ते मामांचंच. टाचणी काढता येते. टाचणी माझी चूक होती, तिला आकार होता, डोकं होतं, ती गेली की संपलं. हे जे आत जाड होत होतं त्याला काही आकार नव्हता. बायको शेजारी पायरीवर बसली. लोक आम्हाला ओलांडून जात होते. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती माझ्या शर्टाच्या बाहीचं बटण लावत राहिली, जे लावलेलंच होतं.

त्यानंतरचे पाच दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. दुकानात जायचो, कारण घरी बसवत नव्हतं. अस्तराचं कापड हातात घेतलं की तळहातांना घाम सुटायचा. पूर्वी मी डोळे मिटून ते मऊ कापड कोटाच्या आत पसरवायचो, आता वाटायचं, हे आत कोणाच्याही नजरेला पडत नाही आणि तिथे काय चाललंय ते कोणालाच माहीत नसतं. मध्येच माझी बोटं हवेत हलतायत का, ते मी बघायचो. संध्याकाळी चाळीस म्हणायचो, तेवढ्या एका शब्दालाही दम लागायचा. एकदा बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तुकडा काढायचा होता त्या दिवशी सकाळी अचानक गारठा पडला. मधल्या काळात उकडत होतं म्हणून माझा जाड कोट दाराच्या मागे तसाच लटकत होता. बायकोने तो झटकून पुढे धरला. उजवा हात वर करायला दुखत होतं, म्हणून तिने लहान मुलाला घालावा तसा बाही-बाही करून घातला. रुग्णालयाची कागदपत्रं ठेवायला मी आतल्या खिशाकडे हात नेला आणि बोटाला टोचलं.

मी हात बाहेर काढला. तर्जनीच्या टोकावर रक्ताचा ठिपका. कोट उघडला. डाव्या छातीवर, अस्तराला, एक चिठ्ठी टाचलेली होती, आणि तिच्यातून पिवळं काचेचं डोकं माझ्याकडे बघत होतं.

आमच्याकडे प्रत्येक कोटाला आतून, डाव्या छातीवर, चिठ्ठी टाचतात. गिऱ्हाइकाचं माप, तारीख, कधी द्यायचा ते. एकतीस वर्षांत मी अशा किती चिठ्ठ्या टाचल्या असतील, माझा हात ते काम मला न विचारता करतो. त्या सोमवारी सभागृहात नर्सने लस टोचून माझ्या हातात चिठ्ठी दिली, म्हणाली, "तारीख आहे, हरवू नका." कॉलरखाली डब्यातल्या चाळिसांतली एक टाचणी खोवलेली असतेच. एरवी ती ओठांत गेली असती, पण तोंडावर मास्क होता. मग हाताने त्याला येत होतं तेच केलं. चिठ्ठी माझ्याच अंगावरच्या कोटात, डाव्या छातीवर, एक टाचणी. जणू मीच शिवायला आलेला कोट होतो. आणि मी दुकानात परत येऊन हसलो, ठसकलो, मोजल्या आणि खोटं बोललो.

"काय झालं? अहो, काय झालं?" बायको म्हणत होती. मी हसायला लागलो, हसताना टोचलं, आणि मग रडायला लागलो. दारात उभा राहून, कोट घालून, पंचावन्न वर्षांचा माणूस. तिला सगळं सांगितलं, ठसक्यापासून. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे एका टाचणीपायी तुम्ही मला डॉक्टरांकडे बाहेर बसवलंत?" मग तिनेही पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी हातात घेतली. तारीख वाचली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, ओठांनी मोजलं. "टोचायला कधी लागलं म्हणालात?"

"अकराव्या दिवशी."

"हे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, काका."

"मला वाटलं तुम्ही ठसक्याचं विचारताय," मी म्हणालो, आणि त्यांनाही ते सांगावं लागलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तुकडा तरीही काढला. आठ दिवसांनी निकाल आला. मामांचं नव्हतं. शरीराचे जे पहारेकरी असतात, त्या म्हणाल्या, त्यांनी आपल्याच आवरणाला परकं समजून त्याच्यावर चाल केली होती. "लसीमुळेच, असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. कोणीच सांगू शकणार नाही. पण तारखा जुळतात आणि दुसरं कारण मिळत नाही. लाखांत एखाद्याला असं होतं. आधी कळलं असतं तर औषध लवकर सुरू केलं असतं. बाकीच्यांनी मात्र लस घ्यायचीच." बायकोकडे वळून, "तुमचा दुसरा डोस राहिलाय ना? घ्या."

तिने घेतला. "लाखांतला एक तुम्ही होऊन गेलात, आता माझा नंबर कशाला लागेल?" असं म्हणून हसत बाही वर केली. मी शेजारी उभा होतो, आणि त्या सुईकडे बघताना मला जे वाटलं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. अकरा दिवस मी तिचा श्वास ऐकला. ती कांदा चिरताना, जिना चढताना, दुपारी डोळा लागल्यावर. बाराव्या दिवशी सकाळी ती खिडकीशी उभी राहून चांगली तोंड भरून जांभई देत होती, मधे कुठेही न अडकता, आणि मी तोंड धुवायला गेलो ते बराच वेळ नळ सोडूनच उभा राहिलो.

गोळ्यांनी माझा ताप गेला, पाणी आटलं, तोंड मात्र फुगून पुरीसारखं झालं. टोच कमी होत होत गेली. गेली म्हणजे काय, मी अजून तिच्या अलीकडेच थांबत होतो. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, पूर्ण श्वास घ्या, आता घेता येईल. मला खात्री नव्हती. टाचणी असती तर ती बाहेर आली, डब्यात पडली, मोजली गेली. हे माझ्याच आतल्यांनी केलं होतं, आणि ते सगळे अजून आतच होते. पुन्हा कधी त्यांना मी परका वाटेन, ते कुठल्या फोटोत दिसणार?

सात आठवड्यांनी दुकानात गेलो. माझा डबा फळीवर होता तसाच होता. कोणीतरी त्याच्यावरची धूळ पुसली होती. दिवसभर हलकं काम केलं, तोंडात काही धरलं नाही. संध्याकाळी यंत्रं थांबली. खोलीत ती ओळखीची शांतता झाली, पत्र्यावर टाचण्या ओतल्याचा आवाज. चाळीस, पलीकडून आलं. चाळीस. चाळीस. चाळीस. बाईंनी आपल्या शेवटच्या चार टाचण्या बोटाने सरकवल्या. "चाळीस."

मी डबा रिकामा केला. शर्टाच्या खिशातून चिठ्ठीची टाचणी काढली आणि त्या ढिगात ठेवली. हा शब्द अर्ध्या श्वासात मावण्यातला नव्हता. मी डोळे मिटले आणि श्वास घेतला, टोचायच्या जागेपर्यंत, आणि मग तिच्याही पुढे.

"एक्केचाळीस," मी म्हणालो.

एकोणचाळीस आजवर झाले होते, एक्केचाळीस कधी झाले नव्हते. बाई माझ्याकडे बघत होत्या. एक टाचणी जास्त कधी होते, ते त्या खोलीत त्यांच्याइतकं लवकर कोणाला कळणार होतं? एक आधी कमी झालेली असली आणि ती चोरून भरलेली असली तरच. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात मांडीवर ठेवले.

"परत मोजा, मास्तर," त्या म्हणाल्या.

मी टाचण्या पुन्हा एकत्र केल्या आणि मोजायला लागलो, एकपासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सतराला दम संपला. बाई थांबल्या होत्या, सगळेच थांबले होते. मी टेबलाची कड धरली आणि पुढचा श्वास आत घ्यायला लागलो.